आडवा दगड

बर्फ वितळतोय हे मला कुणी सांगू नये. हल्ली टीव्हीवर रोज दाखवतात. ध्रुवावरचा पांढरा कडा समुद्रात कोसळतो, मागं गंभीर संगीत वाजतं आणि कोट घातलेला कुणीतरी सांगतो की हे सगळं उपग्रहानं पकडलं. उपग्रह काही पकडत नाही. उपग्रह फोटो काढतो आणि पुढं जातो. त्या फोटोवर कुणीतरी मान मोडेपर्यंत वाकून बसतं आणि बर्फाच्या कडेवरून रेघ ओढतं. सत्तरच्या दशकात, भोरच्या ST डेपोमागच्या गल्लीत, खिडकीच्या एका जुन्या काचेवर वाकून तशी एक रेघ मी ओढली होती. ती बरोबर होती. ती कुणाला दिसू नये अशी व्यवस्था ज्या माणसानं केली त्याच्यावर मी अजून चिडलेली आहे. आता वय झालं, राग सोडा, असं घरातले म्हणतात. का सोडू? माझ्याकडं त्या दिवसांतलं तेवढंच तर उरलंय.

तेव्हा मी भोरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. पुण्यात चित्रकलेची शिक्षकी पदविका घेतलेली, आमच्या घरातली पहिली नोकरी करणारी बाई. उत्रोलीत एक खोली घेतली होती, तिथून भाताच्या खाचरांच्या कडेकडेनं रोज चालत शाळेला यायचे. वर्गात तांब्या, दोन लिंबं आणि मागं लोंबणारा पडदा. पोरांनी तांब्या वाकडा काढायचा आणि मी तो सरळ करायचा. वर्षामागून वर्षं तेच करायचं, ह्या विचारानं मला कधीकधी वर्गातच गुदमरायला व्हायचं.

माझं गाव भाटघर धरणाच्या पाण्याच्या शेपटाला, वेल्ह्याकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी. आम्ही बौद्ध. आजोबांच्या वेळी धरण झालं आणि होती ती जमीन पाण्याखाली गेली. उन्हाळ्याकडं पाणी ओसरलं की खालचा गाळ उघडा पडतो, त्यात जे पेरतात त्याला गाळपेर म्हणतात. आमच्या वाट्याला तशी एक पट्टी होती. काकडी, कलिंगड, वैरणीचा मका. लवकर पेरलं तर ओल्यात बी कुजतं, उशिरा पेरलं तर गाळ वाळून असा कडक होतो की कुदळ उडते. म्हणून पाणी यंदा कुठवर मागं गेलंय हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नेमकं कळावं लागायचं.

आबांना अक्षर येत नव्हतं. ते दर पौर्णिमेला पाण्याच्या कडेला एक दगड रोवायचे. पौषापासून सुरू करायचे, बुद्धपौर्णिमेचा दगड शेवटचा. दगड उभा, निम्मा गाळात. पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा आणि पुढच्या वर्षी पाणी हटलं की जागच्या जागी सापडायचा. मग यंदाच्या माघ पौर्णिमेची कड मागच्या माघाच्या दगडापासून किती पावलं, ते चालून मोजायचं. माघाला माघ, फाल्गुनाला फाल्गुन. एवढंच त्यांचं शास्त्र, आणि आमचं घर त्यावर जगलं.

काही दगड मात्र आडवे असायचे. न रोवता नुसते लोळवलेले. लहानपणी त्यांच्यावर बसून मी ओंजळभर करवंदं खाल्ली आहेत, आणि हे बाकीच्यांसारखे उभे का नाहीत, हे एकदाही विचारलं नाही. एरवी मी घरात प्रश्न विचारून विचारून सगळ्यांचं डोकं उठवायचे. नेमका हाच विचारला नाही.

सर पुण्याच्या एका कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते आणि हवा मानवते म्हणून भोरला येऊन राहिले होते. त्यांचं नाव मी घेणार नाही. तरुणपणी ते दोन वर्षं परदेशात हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींत राहून आले होते, आणि त्या दोन वर्षांच्या गोष्टींवर त्यांनी पुढची तीस वर्षं काढली, असं मी आज म्हणते. तेव्हा मात्र मी त्यांच्याकडं आ वासून बघायचे. अमेरिकेनं सोडलेला एक उपग्रह ठरावीक दिवसांनी फिरून त्याच जागेवर येई आणि वरून जमिनीचे फोटो काढी. ते फोटो टपालानं कुणालाही मागवता येत. सर मागवायचे. दक्षिण ध्रुवाकडच्या एका हिमनदीचं टोक त्यांनी धरलं होतं. जमिनीवरून घसरत आलेला बर्फ तिथं जिभेसारखा समुद्रावर तरंगतो. ती जीभ वर्षागणिक आखडतेय, असा त्यांचा अंदाज होता, आणि उपग्रहाच्या फोटोवरून ते दाखवणारा पहिला माणूस त्यांना व्हायचं होतं. पण त्यांचा हात कापायचा. बारीक रेघ ओढता येत नव्हती. त्यांनी आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं, “तुमच्याकडं स्थिर हाताचं कुणी आहे का?” मुख्याध्यापकांनी मला पाठवलं.

सरांनी एका टेबलाची फळी काढून तिथं खिडकीची काच बसवली होती आणि खाली बल्ब लावला होता. काचेवर फोटो, फोटोवर ट्रेसिंगचा पातळ कागद. समुद्र काळा, बर्फ पांढरा, आणि बर्फातून वर आलेले काळे खडक. ते खडक महत्त्वाचे. बर्फ हलतो, खडक हलत नाही. म्हणून आधी कागदावर खडकांच्या खुणा करायच्या, मग बर्फाची कड ओढायची. दुसऱ्या वर्षीचा फोटो खाली सरकवायचा, खडकावर खडक बसवायचा, आणि नवी कड ओढायची. दोन रेघांमधली जागा म्हणजे बर्फ किती हटला ते.

सरांनी हे समजावलं तेव्हा मी हसले. त्यांना वाटलं मला कळलं नाही. मला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. हे तर आमचे दगडच होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला, जिथं एक माणूस राहत नाही, तिथल्या बर्फाची कड मी आमच्या धरणाच्या कडेसारखी वाचू शकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मी ह्याचसाठी जन्माला आलेय.

सरांच्याही ते लक्षात आलं असावं. पहिल्याच महिन्यात ते म्हणाले, “बाई, उत्तरेत एका संस्थेत असे फोटो वाचायचं वर्षभराचं शिक्षण देतात. हे काम पुरं झालं की मी तुमच्यासाठी पत्र देतो. माझ्या पत्रावर तुम्हाला घेतील.” त्या पत्रासाठी मी पुढची दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याकडं गेले. रविवारी गेले. दिवाळीच्या सुट्टीत गेले. बघायला येणाऱ्या दोन स्थळांना नाही म्हणाले. मला ते पत्र हवं होतं, आणि दुसरं काहीही नको होतं.

मी लागले त्याच पावसाळ्यात अधिक महिना आला, आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. सरांच्या घरी त्याचं सगळं साग्रसंगीत. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण दिलं आणि उरलेल्यातले दोन मला आणून दिले. सरांचे बशीत, माझे वर्तमानपत्राच्या कागदावर. ते माझ्या लक्षात आलं होतं. पण मी तो घास गिळला, अनारशासकट, कारण समोर काचेवर बल्ब पेटलेला होता आणि मला काम करायचं होतं. ह्या अनारशांचा पुढं संबंध येतो म्हणून सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या फोटोंची यादी टपालानं आली. सरांकडं चार वर्षांपूर्वीचा एक फोटो होता, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातला. तिकडं ते दिवस उन्हाळ्याचे, बर्फ तुटण्याचे. त्याच्या जोडीला ह्या वर्षीचा हवा होता. सर म्हणाले, “यादी तुम्हीच बघा, हा बारीक टाइप मला वाचवत नाही.” काकू जुनी पंचांगं जपून ठेवत. मी ती मागून घेतली. जुना फोटो माघ पौर्णिमेचा निघाला आणि मला एकदम उजाडलं. माघाला माघ! मी यंदाच्या माघ पौर्णिमेचा फोटो शोधला. तो फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला होता. तारखा जुळत नाहीत हे मला स्पष्ट दिसत होतं. पण इंग्रजी तारखेला काय कळतंय, पाणी चंद्रावर मोजायचं असतं, असं मी मनात म्हटलं. इतका ताठा मला होता.

सरांनी विचारलं, “हाच का?” मी पौर्णिमेचं कारण सांगितलं. ते खूश झाले. “वा! पौर्णिमेला भरती सारखी येणार, म्हणजे तरंगतं टोक सारख्याच पाण्यावर. उत्तम विचार केलात.” माझ्या चुकीला त्यांनी असा शास्त्राचा कोट चढवला. खबरदारी म्हणून त्यांनी पहिल्या आठवड्यातलाही एक फोटो मागवला. दोन्ही आले तेव्हा त्याच्या कोपऱ्यात विरळ ढग होता, आणि तो पौर्णिमेचाही नव्हता, म्हणून मीच तो बाजूला ठेवला.

पौर्णिमेचा फोटो काचेवर लावला, खडकावर खडक बसवला आणि कड ओढली. दोन रेघांत बोटभर जागा राहिली. त्या मापात बोटभर म्हणजे काही मैल. सर खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. त्यांचे डोळे भरले होते. मलाही रडू आलं. काकूंनी चहा केला. मलाही त्या दिवशी कपबशीत मिळाला.

सरांनी लेख लिहिला. भोरच्या सभागृहात व्याख्यान दिलं. “मी ही कड आखली” असं ते म्हणाले तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. लेखासोबत माझा नकाशा परदेशी गेला. त्याखाली टाइप केलं होतं, ‘नकाशा: लेखकाचा’. मी ते वाचलं. माझं लक्ष पत्रावर होतं. पत्राचं विचारलं की सर म्हणायचे, “लेख छापून येऊ द्या, मग पत्राला वजन येईल.”

त्यानंतरच्या माघ पौर्णिमेला मी रजा काढून गावी गेले. आबा दगड रोवायला निघाले होते. मी नकाशाची एक प्रत बरोबर नेली होती. आपल्या लेकीनं काय केलंय हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी तो कागद उन्हाकडं धरला.

“ह्ये काय हाय?”

“पाण्याची कडच समजा, आबा. खरं तर बर्फ हाय, लई लांबचा. ही पाच सालामागची रेघ न् ही गेल्या सालची. बगा किती मागं गेलाय.”

“कुठल्या पुनवंच्या?”

“दोनी माघाच्या,” मी छाती फुगवून म्हणाले. “तुमचाच नेम धरला म्या.”

आबांनी दुसऱ्या रेघेवर अंगठा ठेवला. “गेल्या सालचा माघ?”

“व्हय.”

“मंग ती रेघ आडवी हाय की, बाय.”

मला अर्थ लागेना. त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं. गेल्या वर्षीचा माघाचा दगड गाळात लोळलेला होता. त्याच्या आधीच्या वर्षीचा उभा होता. आबांनी आडव्या दगडावर पाय ठेवला.

“धोंड्याचा महिना पडून गेला की पुडचं दगुड आडवं ठिवायचं. महिना वाडला की पुनव उशिरा येती. तवर पानी आजून मागं गेल्यालं असतं. त्यो उब्या दगडासंगं मोजायचा न्हाई. म्या एकदा मोजला. वाटलं, औंदा पानी पळतंय. घाईनं खाली वल्ल्यात पेरलं. पानी हितंच थांबलं, सगळं बी कुजलं. तू तवा पाळण्यात हुतीस.”

“पण आबा, आपण तर सण-वार सोडलं. धोंडा कशाला पाळायचा?”

“सण सोडलं. चांद कुठं सोडलाय?” आबा म्हणाले आणि यंदाचा दगड रोवायला वाकले.

मी तिथंच चिखलात उभी राहिले. काकूंच्या पंचांगात ती गोष्ट ठसठशीत छापलेली होती. धोंड्याच्या अनारशांचं तूप माझ्या बोटांना लागलं होतं, सरांच्या बोटांनाही लागलं होतं, आणि तीच बोटं आम्ही फोटोवर फिरवली होती. उन्हाळ्याच्या मध्याच्या बर्फाशी मी उन्हाळा सरतानाचा बर्फ जोडला होता. मधल्या दिवसांत तुटलेला तुकडाच्या तुकडा मी चार वर्षांच्या खात्यावर मांडला होता.

सकाळच्या पहिल्या ST नं भोरला आले. शाळेत न जाता थेट सरांकडं. सर फिरायला गेले होते. काकूंनी दार उघडलं. बाजूला टाकलेला तो ढगाळ फोटो मी काढला, काचेवर ठेवला, खडकावर खडक बसवला. ढग कोपऱ्यात होता, कड जवळजवळ सगळी दिसत होती. मी रेघ ओढली. मला खरंच वाटत होतं की दोन्ही रेघा एकावर एक बसणार, आणि सरांचा सगळा खटाटोप पाण्यात जाणार.

पण त्या बसल्या नाहीत. दोघींमध्ये तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढी फट राहिली. मी तीनदा कागद उचलून पुन्हा लावला. तीनदा तेवढीच फट, टोकापासून टोकापर्यंत. बोटभर नव्हती, पण होती. सारख्या तारखेला, सारख्या ऋतूत, बर्फ मागं गेला होता. म्हणजे सरांचा अंदाज खरा होता. माझी चूक काढून टाकली तरी तो खरा होता. माझा जीव भांड्यात पडला.

मी एका कागदावर सगळं लिहिलं. पौर्णिमा, अधिक महिना, दोन तारखा, माझी चूक कशी झाली आणि नवी फट किती. खाली सही केली, तारीख घातली. नव्या रेघेचा कागद जोडला. सर आल्यावर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचलं. मग चष्मा काढला. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“माझ्या वडिलांनी.”

“शिक्षण किती त्यांचं?”

“शाळेत गेले नाहीत ते.”

“मग?” सर म्हणाले. नुसतं ‘मग?’.

मी म्हणाले, “सर, लेख अजून छापला नाही. ही रेघ पाठवा. ही खरी आहे.”

“ही?” त्यांनी कागद उजेडात धरला. “एवढीशी? बाई, बोटभर दाखवल्यावर आता हे दाणाभर दाखवू? आणि त्या लोकांना मी अधिक महिना समजावत बसू? बघू.” माझी चिठ्ठी आणि कागद त्यांनी खणात टाकला. खण बंद करताना म्हणाले, “एवढी पंचांगं चाळलीत, तरी अधिक महिना तुमच्या ध्यानात कसा आला नाही, याचं मला नवल वाटतं.”

तुमच्याही आला नाही सर, तुम्ही तर बशीतून खाल्ला होता, हे उत्तर मला उत्रोलीच्या रस्त्यावर सुचलं. मला उत्तरं नेहमी रस्त्यावरच सुचतात.

पुढं काही महिने ते ‘बघू’ चालू राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मी मूर्खासारखी जातच राहिले, कारण पत्र त्यांच्या हातात होतं. चिठ्ठीची नक्कल मी ठेवली नव्हती. ठेवावी लागेल असं माझ्या मनातही आलं नाही. मुलांना मी चित्राखाली सही करायला शिकवते आणि स्वतःच्या सहीचा कागद असा देऊन बसते.

पाऊस संपता संपता परदेशातून उत्तर आलं. ज्यांनी लेख तपासला त्यांनी पहिल्याच ओळीत विचारलं होतं की एक फोटो महिन्याच्या सुरुवातीचा आणि दुसरा शेवटचा असताना ही तुलना कशी काय केली? मला हे सरांनी सांगितलं नाही. मी संध्याकाळी गेले तेव्हा सर आत होते आणि काचेवर त्यांच्या उत्तराची कार्बन कॉपी पडली होती. खालचा बल्ब चालू होता. पातळ कागद, अक्षरं उजळून निघाली होती, न वाचणं शक्यच नव्हतं. माझं इंग्रजी बेताचं होतं, पण एवढं पुरेसं होतं. ‘फोटोंची निवड आणि आखणी एका स्थानिक मदतनीस बाईंनी केली. त्यांच्या निष्काळजीपणामुळं ही चूक झाली आणि ती माझ्या आत्ताच लक्षात आली. लेख मागे घेत आहे.’

आत्ताच लक्षात आली! सात महिने माझी चिठ्ठी त्यांच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. रेघ बोटभर होती तेव्हा नकाशा लेखकाचा. रेघ चुकली तेव्हा मदतनीस बाईंची. त्या अख्ख्या प्रकरणात माझा उल्लेख म्हणून जो काय आला तो एवढाच, माफीनाम्यात, खापर फोडायला.

सर बाहेर आले. मी कागदावर बोट ठेवलं. “मी लिहून दिलं होतं, सर.”

“काय?”

“माघात. चिठ्ठी. ह्या खणात आहे.”

त्यांनी खण उघडला. रिकामा होता. मला दाखवायला म्हणून त्यांनी तो पूर्ण बाहेर ओढला. “कुठं आहे?” ते शांतपणे म्हणाले.

मी म्हणाले, “निदान खरी रेघ तरी पाठवा. बर्फ हटलाय, सर. थोडा हटलाय, पण हटलाय.”

“आता माझ्या नावानं काही पाठवलं तर हसतील ते. सोडा आता.” मग म्हणाले, “आणि अशा परिस्थितीत तुमच्यासाठी ते पत्र मी कोणत्या तोंडानं देऊ? निष्काळजी म्हणून लिहून बसलोय. तुम्हीच सांगा.”

हे असं. दोन वर्षं राबवून घेऊन तोंडाला पानं पुसली, आणि वर मलाच विचारलं, तुम्हीच सांगा. मला ओरडायचं होतं, तो बल्ब काचेवर आपटायचा होता. मी काय केलं, तर टाक पुसून जागेवर ठेवला, शाईच्या बाटलीला बूच लावलं आणि घरी आले. इतकी वर्षं मी स्वतःवर सगळ्यात जास्त कशासाठी चिडत असेन, तर त्या बुचासाठी.

चूक माझी होती, हे मी कधी नाकारलं नाही. पण ज्यानं चूक वेळेत सांगितली त्याला चुकीचा धनी करायचं आणि ज्यानं ती दाबली त्यानं सज्जन राहायचं, हा कुठला न्याय? आणि माझं गेलं ते गेलं. त्या दाणाभर रेघेचं काय? मोठी खोटी रेघ पडली आणि तिच्याखाली लहान खरी चिरडली. सगळं डेपोमागच्या गल्लीतल्या एका खणात मिटलं.

गावी जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. ते अंगणात दोर वळत होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या मास्तरास्नी आडवं ठिव. त्यांच्यासंगं सोताला मोजू नगंस. कुजशील.”

मी शिकायला गेले नाही. दुसऱ्या कुणाचं पत्र आणणार कुठून? पुढची सव्वीस वर्षं मी तांब्या आणि दोन लिंबं शिकवली. आमच्या शाळेची मुलं तांब्या फार छान काढायची.

सर मला पुन्हा एकदाच भेटले, बऱ्याच वर्षांनी, नसरापूर फाट्यावर. मी पुण्याला निघाले होते, ते भोरच्या गाडीची वाट बघत होते. खूप थकले होते, हातात काठी. मला ओळखलं आणि चक्क आनंदले. बगलेतलं वर्तमानपत्र उघडून त्यांनी एका बातमीवर बोट ठेवलं. उपग्रहाच्या फोटोंवरून ध्रुवाकडचा बर्फ हटताना दिसतोय, अशी ती बातमी होती. “बघितलंत बाई? आपण किती आधी ओळखलं होतं! आपण सगळ्यांच्या आधी होतो.”

आपण.

“नाही सर,” मी म्हणाले. ह्या वेळी उत्तर रस्त्यावर सुचायची वाट बघावी लागली नाही. आम्ही रस्त्यावरच होतो. “आपण नव्हतो. चूक निघाली तेव्हा मी एकटी होते. मग बरोबर निघालं तेव्हाही मी एकटीच.”

तेवढ्यात भोरची गाडी आली. त्यांना पायरी चढवेना. त्यांची पिशवी मीच वर दिली, कोपराला धरून त्यांनाही वर चढवलं. ह्याचाही मला राग आहे.

आबा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. गाळात त्यांचे दगड अजून आहेत, बहुतेक उभे, काही आडवे. मी माघ पौर्णिमेला जाते. आबांनी सांगितलेलं सगळं मी ऐकलं, एवढं एक ऐकलं नाही. सरांचा दगड मी उभाच रोवलाय, आणि दर वर्षी मोजते.